खिळ्यावरची रोटी

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हा तुराब नानवाई, रोट्या भाजणारा, स्वतःची फुशारकी मारत बसलाय. आमच्या ठाण्यावर एकवीस माणसं होती आणि त्यांत सगळ्यांत भित्रा मी, म्हणून तर मला तंदुरावर बसवलं. बंदूक मलाही दिलेली होती, पण ती पिठाच्या पोत्याला टेकून उभी असायची. तिच्यावर इतकं पीठ बसलेलं असायचं की कप्तान इस्मत म्हणायचे, "तुराब, उद्या हल्ला झाला तर गोळ्या झाडणार आहेस की कणीक मळणार आहेस?" मी म्हणायचो, "कप्तानसाहेब, तेव्हा मी पोत्यामागे असेन, तुम्ही मला शोधूच नका."

ठाणं म्हणजे सरकारी शेताची जुनी शेड, जर्दाळू वाळवायची. अजून उन्हं चढली की भिंतींना जर्दाळवांचा वास यायचा. खाली दोनशे पावलांवर खिंगोव नदी आणि नदीपलीकडे 'ते'. ते म्हणजे कोणी परके नव्हेत हो. तीच भाषा, तोच नमाज, तशाच कापसाच्या रजया. चार-पाच वर्षांमागे त्यांच्यातल्या कुणाच्या लग्नात मी रोट्या भाजल्याही असतील. पण मग देशातच आपापसांत लढाई पेटली, आता ते तिकडे, आम्ही इकडे. आणि आमच्या पाठीशी डोंगर. डोंगर चढून पलीकडे उतरलं की खोवालिंग, तिथून पुढे आमची गावं. घर असं पाठीला लागून, पण त्या चढावर आमच्याच लोकांनी गेल्या शरदात सुरुंग पेरून ठेवलेले, वरून कुणी उतरू नये म्हणून. त्यामुळे वर बघायचं आणि उसासा टाकायचा, बस.

दिवस सगळे सारखेच. पहाटे कणीक मळायची, उजाडलं की तंदूर पेटवायचा. माणशी दोन रोट्या. चहा असला तर चहा, नाहीतर चहाच्या जुन्याच पत्तीवर गरम पाणी. दुपारी उवा मारायच्या, मोजे वाळवायचे आणि कान टवकारून बसायचं. गोळीबार चालू असला की भीती वाटायची आणि बंद असला की जास्त वाटायची. बंद म्हणजे काहीतरी शिजतंय.  रात्री झोपेत दात इतके खायचो की खोलिक म्हणायचा, "याला दुसरीकडे झोपवा रे, आपला ठावठिकाणा कळेल."

खोलिक मशीनगनवर होता. जिभेला हाड नाही असा माणूस. वायरलेससुद्धा त्याच्याकडेच. नदीपलीकडचा त्यांचा वायरलेसवाला स्वतःला 'तितर' म्हणवून घ्यायचा. हे दोघं रोज सकाळी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि मग निवांत गप्पा मारायचे.

"ए उंदरांनो, आज धूर उशिरा निघाला तुमचा. नानवाई मेला काय?"

"तुझ्या चाळिसाव्याच्या रोट्या भाजल्याशिवाय मरत नाही तो."

हे ऐकून सगळे हसायचे. मी नाही हसायचो. माझा धूर कुणीतरी रोज मोजतंय, हे मला आवडायचं नाही.

ठाण्यावर विहीर नव्हती. पाणी नदीवरून आणायचं. ती दोनशे पावलं उघडी, एक झुडूप नाही. आणि रोज सकाळी ती चालून जायचे सफरमद अका. वयानं पंचेचाळिशी ओलांडलेली, म्हणून सगळे अका म्हणायचे, थोरला भाऊ. लढाईआधी मधमाश्या पाळायचे. बरोबर गाढव, त्याचं नाव आम्ही 'मंत्री' ठेवलं होतं, कारण तो खायचा सगळ्यांचं आणि लाथ मारायचा फक्त गरिबाला. मंत्र्याच्या पाठीवर चार कॅन, आणि अका त्याच्या शेजारून ताठ, हळू, जणू बाजारातून परतताहेत. अर्ध्यात पोचले की पलीकडच्या लोकांना छातीवर हात ठेवून सलाम करायचे. कधी गोळी यायची. कधी कॅनला भोक पडायचं. अका वाकायचे नाहीत, पळायचे तर नाहीतच.

"माश्यांसमोर पळायचं नसतं," ते सांगायचे. "पळालं की चावतात."

"आणि त्या माश्या नसल्या, माणसं असली तर?" मी विचारलं एकदा.

"मग माझी रोटी आहे की खिळ्यावर."

हे सगळ्यांना पटायचं. लढाईला निघताना आम्ही सगळेच आईनं, बायकोनं भाजलेल्या रोटीचा एक घास तोडून निघालेलो. उरलेली रोटी फडक्यात बांधून घरात खिळ्याला टांगतात. माणूस परत येतो आणि ती स्वतः संपवतो. दुसऱ्या कुणी तिला दात लावायचा नाही. दुसऱ्यानं खाल्ली, तर ज्याची रोटी तो परत येत नाही. माझीही आहे, आई तिला उंदीर लागू नये म्हणून रोज हात लावून बघते. पण माझा माझ्या रोटीवर तेवढा भरवसा नव्हता, जेवढा ठाण्यावरच्या एकवीस जणांचा अकांच्या रोटीवर होता. अका आजारी पडले की दुसऱ्या कुणाला तरी पाण्याला जावं लागे. तोही मग पुटपुटत जायचा, "अकांची रोटी आहे, अकांची रोटी आहे." स्वतःचीही असायची, पण नाव अकांच्या रोटीचं.

मार्चमध्ये मंत्र्यानं अकांचा चष्मा तुडवला. लांबचं त्यांना घारीसारखं दिसायचं, पण जवळचं काहीच नाही. तेव्हापासून त्यांची पत्रं मी वाचायचो. खोलिकला वाचता येत होतं, पण त्याच्या हाती पत्र दिलं असतं तर त्यानं ते वायरलेसवर वाचलं असतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पिठाच्या गाडीबरोबर पत्र आलं. अका तंदुरापाशी येऊन बसले, उकिडवे, हात गुडघ्यांवर. दुपारची वेळ होती. मी पीठ झटकलं आणि वाचायला लागलो. दोन कागद होते. पहिल्यावर सगळ्यांचे सलाम, मग माश्या: पाच पेट्यांपैकी तीन थंडीत गेल्या, दोन जगल्या. मदतीचं पीठ अजून गावात पोचलेलं नाही. सदबर्ग तापानं पडली होती, आता उठते-बसते, पण हाताला नुसती हाडं लागतात. सदबर्ग म्हणजे त्यांची मुलगी, चार वर्षांची. उशिरा झालेली, एकुलती.

मी कागद उलटला, दुसरा घेतला, आणि बरं झालं मी आधी डोळ्यांनी वाचतो आणि मग तोंडानं. बीबीनिसोनं, म्हणजे अकांच्या बायकोनं लिहिलं होतं: 'मला मारा, हाकलून द्या, पण ऐका. तीन दिवस घरात काही नव्हतं. पोर रडायचीसुद्धा बंद झाली. मी तुमची रोटी खिळ्यावरून उतरवली. पाण्यात भिजवून तिला भरवली. तुम्ही घास तोडलात ती कड तेवढी ठेवली होती, चौथ्या दिवशी तीही दिली. माझ्या हातून हे झालं.'

 मी तंदुरात वाकून काहीतरी बघायचं सोंग केलं.

"काय रे? थांबलास का?"

"धूर गेला डोळ्यांत, अका."

आता सांगा, काय केलं असतं तुम्ही? समोर तो माणूस बसलेला, जो उद्या सकाळी पुन्हा त्या दोनशे पावलांवर जाणार होता. ताठ. कशाच्या जोरावर? त्या रोटीच्या. आणि ती तर एका चिमुरड्या पोटात गेलेली. मी वाचून दाखवलं असतं तर तो उद्या पळाला असता, आणि पळाला की संपला. निदान मला तेव्हा असंच वाटलं. आणि आणखी एक, लपवत नाही: ते गेले नसते तर पाण्याला पाळी माझी आली असती.

"अजून काय लिहिते ती?" अकांनी विचारलं. मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात, "रोटीबद्दल काही लिहिलंय का?"

मला वाटलं, यांना अंदाज आला. मी घाईघाईनं म्हणालो, "लिहिलंय की! लिहिते, तुमची रोटी खिळ्यावर आहे. जशी होती तशी."

"जशीच्या तशी?"

"एक कण हललेला नाही. रोज बघते म्हणते. पोरगी कितीही रडली तरी तिकडे हात लावू देत नाही, म्हणते."

हे शेवटचं वाक्य मी वरून घातलं. सजवायला. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

 अकांचा चेहरा उतरला. घरची आठवण आली असेल म्हटलं.

"असं लिहिलंय? नक्की?"

"नक्की."

"रोटीची शपथ?"

परातीत नुकत्याच काढलेल्या रोट्या होत्या. मी वरच्या रोटीवर हात ठेवला. "रोटीची शपथ." नानवाई आहे मी, बाप नानवाई, आजा नानवाई. रोटी जमिनीवर पडली तर उचलून कपाळाला लावणारे आम्ही. आणि मी तिच्यावर हात ठेवून खोटं बोललो, तेही मोठं पुण्याचं काम केल्यासारखा.

ते गेल्यावर दुसरा कागद मी तंदुरात टाकला. खोलिकच्या हाती लागायला नको. पहिला अकांना दिला, तो त्यांनी घडी करून छातीच्या खिशात ठेवला.

त्यानंतरचे दहा दिवस अका बदलले. पाण्याला जायचे तसेच, सलामही तसाच. पण परत आले की कुणाशी बोलायचे नाहीत. दोन रोट्यांतली अर्धी खायचे, दीड रोटी तोडून शेडच्या पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे. मला वाटलं, अन्न जात नाहीये. मी त्यांच्या रोटीला चरबीचा हात जास्त लावायला लागलो. दर दोन दिवसांनी येऊन बसायचे, "तुराब, ते रोटीचं काय लिहिलं होतं, परत सांग." मी परत सांगायचो. दर वेळी थोडं जास्त गोड करून. ते मान हलवायचे आणि उठून डोंगराकडे बघत उभे राहायचे.

एकदा कप्तानांकडे सुट्टी मागायला गेले. मी ऐकत होतो.

"पाच दिवस द्या, साहेब. पोर आजारी आहे."

"अका, कुणाची पोर आजारी नाही? मे महिन्यात बघू."

"मेपर्यंत उशीर होईल."

"मग मी काय करू? तुम्हाला पंख लावून देऊ? रस्ता त्यांच्या ताब्यात आहे, पिठाची गाडीसुद्धा आता कधी येईल सांगता येत नाही."

त्या दिवसापासून माझी झोपच उडाली. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. तितरनं सुद्धा वायरलेसवर विचारलं, "तुमचा म्हातारा खचलाय का रे? सलाम करताना इकडे बघत नाही हल्ली." खोलिकनं त्याला शिवी दिली, पण मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलंस? शत्रूलाही दिसतंय."

अकराव्या दिवशी सकाळी अकांनी पाणी आणलं, मंत्र्याला बांधलं, त्याच्या पुढ्यात गवत टाकलं आणि तंदुरापाशी आले. हातात वाळलेल्या तुकड्यांची पिशवी.

"दोन ताज्या रोट्या दे, तुराब. फडक्यात बांधून."

"कुठं निघालात?"

"घरी."

मी हसलो. मग त्यांच्याकडे बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली.

"अका, वर सुरुंग आहेत."

"लावताना मी होतो बरोबर. बकऱ्यांची वाट माहीत आहे मला. पांढऱ्या दगडाच्या डाव्या अंगानं."

"ते शरदात! आता बर्फ वितळलंय, पाण्यानं सगळं खाली सरकलं असेल. कुठला सुरुंग कुठं गेला असेल, देवालाही ठाऊक नसेल!"

"हळू जाईन."

"पण कशासाठी? मेमध्ये देणारेत ना सुट्टी?"

अका माझ्याजवळ वाकले. "तुला सांगतो, पण कुणापाशी बोलू नको, पोरं खचतील. फेब्रुवारीत मी बीबीनिसोला लिहिलं होतं. एका ड्रायव्हरबरोबर पत्र पाठवलं होतं. तेव्हा चष्मा होता. लिहिलं होतं, घरात काही नसलं तर माझी रोटी उतरव आणि पोरीला घाल. मी माफ केलंय, देवानंही करावं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. फेब्रुवारीत! म्हणजे सगळा मार्च, रोज सकाळी, त्या दोनशे पावलांवर हा माणूस गेला तेव्हा त्याच्या हिशेबी खिळा रिकामा होता.

"मग तुम्ही ताठ कसे चालायचात?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"मी वाकलो असतो तर तुमच्यातला एक तरी पाण्याला गेला असता का?" ते म्हणाले. मग चेहरा कडू झाला त्यांचा. "पण ती ऐकत नाही. तूच वाचलंस ना? पोरगी रडते आणि ही हात लावू देत नाही. जी बाई ती रोटी उतरवत नाही, ती शेजारणीच्या दारीही जायची नाही. तिला वाटतं, पोटाला चिमटा घेऊन ती मला जिवंत ठेवतेय. पोर मरेल तुराब, माझ्यासाठी. मी जातो, स्वतःच्या हातानं उतरवतो ती रोटी, पोरीला देतो, आणि परत येतो. कप्तानानं मग फासावर दिलं तरी चालेल."

मी रडायलाच लागलो. त्यांचे दोन्ही हात धरले आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. दुसरा कागद होता, अका. तिनं उतरवली रोटी. भिजवून भरवली. चौथ्या दिवशी कडही दिली. पोरीनं खाल्ली. मी लपवलं. मला वाटलं, तुम्ही घाबराल. मी गाढव आहे, मंत्र्याहून गाढव आहे. तुम्हाला कुठंही जायची गरज नाही!

अका ऐकत होते. क्षणभर डोळ्यांत काहीतरी हललं, मला वाटलं पटलं. मग हात पुढे केला. "कुठंय कागद? खोलिककडून वाचून घेतो."

"जाळला."

"जाळला," ते म्हणाले.

"रोटीची शपथ, अका! रोटीची शपथ घेऊन सांगतो!" मी परातीतली रोटी उचलून डोळ्यांना लावली, गरम होती, हात भाजले.

"तेव्हाही रोटीचीच घेतली होतीस." रागावून नाही म्हणाले. माझ्या गालावर हात फिरवला, पिठानं भरलेल्या. "चांगला आहेस तू. मी मरू नये म्हणून बोलतोयस. पण पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, तुझ्या शब्दावर कसा बसून राहू?"

रोट्यांचं फडकं त्यांनी स्वतःच बांधलं आणि शेडच्या मागून निघाले.

कप्तानांना हाक मारायला हवी होती. पण पळून जाणाऱ्याला काय करतात ते मला माहीत होतं. पाठीत गोळी घालतात. मी दोन पावलं कप्तानांच्या खोलीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. आणि मग डोंगराकडे धावत सुटलो. काटेरी तारेच्या कुंपणापर्यंत पोचलो. तारेपलीकडे सुरुंगांची जमीन, ओली, काळी, मधेमधे पिवळी फुलं. अका साठेक पावलं पुढे गेले होते, पांढऱ्या दगडाच्या डावीकडून. ताठ, हळू.

तारेखालून जायला एक क्षण लागला असता. पाठीमागून जाऊन त्यांना मिठी मारून आणता आलं असतं, त्यांच्याच पावलांवर पाऊल ठेवून. माझा पाय उचललाच नाही. मी तार धरून ओरडत राहिलो, "अका, खाल्ली हो तिनं! पोरीनं खाल्ली! परत या!"

ते वळले. छातीवर हात ठेवला, नदीवर ठेवायचे तसा. आणि पुढे निघाले. आणखी दहा-बारा पावलं टाकली असतील.

आवाज फार मोठा नव्हता. माती उडाली आणि खाली आली. शेडमधून सगळे धावत आले. मी तार धरूनच बसलो होतो, तळहातांतून रक्त येत होतं, माझे हात खोलिकनं सोडवले.

त्यांना आणायला दोन तास लागले. जे आणायचं होतं ते. दुपारी वायरलेसवर तितर म्हणाला, "डोंगरावर काय झालं रे?" खोलिक म्हणाला, "सफरमद अका गेले."  पलीकडून आवाज आला, "देव त्यांना जागा देवो. उद्या पाणी भरून घ्या. कुणी गोळी झाडणार नाही." दुसऱ्या दिवशी पाण्याला मी गेलो. कुणी सांगितलं नव्हतं, मीच गेलो. गोळी आली नाही.

कप्तानांनी कागदावर लिहिलं, पाणी आणताना वीरमरण. आणि प्रेताबरोबर कुणी जायचं म्हणाले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

रस्ता पलीकडच्यांच्या ताब्यात होता, पण प्रेत आहे म्हणून त्यांनी गाडी जाऊ दिली, तरी लांबच्या वळणानं तीन दिवस लागले. पोचलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. दफन झालं. पुरुष उठून गेले. मला आतल्या खोलीत बसवलं, समोर दस्तरखान, जेवणाचं कापड, अंथरलं. शेजारणीनं आणलेली रोटी, चहा. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. समोरच्या भिंतीत खिळा होता आणि त्याला रिकामं फडकं, नीट घडी घालून टांगलेलं. कोपऱ्यात एक मुलगी बसली होती, मोठ्ठे डोळे, मान काडीएवढी. पण जिवंत. माझ्याकडे टुकुटुकु बघत होती.

बीबीनिसो दारातच उभी राहिली. काळ्या रुमालातला चेहरा नुसता दगड.

"तुम्ही त्यांच्याबरोबरचे ना? मग तुम्हीही ऐका," ती म्हणाली. "मी मारलं त्यांना. सगळ्या गावाला माहीत आहे. रोटी उतरवली मी. शेवटची कडही दिली, पत्र पाठवलं, आणि दुसऱ्याच दिवशी मदतीच्या पिठाची गाडी आली. एक दिवस, भाईजान! एक दिवस दम धरला असता तर!"

मला पळून जावंसं वाटलं. खोटं नाही सांगत, दाराकडे बघितलंसुद्धा. पण तारेपाशी एकदा थांबलो होतो, ते पुरे झालं होतं.

मी सगळं सांगितलं. फेब्रुवारीतलं पत्र, जे तिला मिळालंच नव्हतं. दुसरा कागद. तंदूर. खोटी शपथ, खरी शपथ. तार. पाणी आणताना गेले हेही खोटं, हे सांगितलं. चहाला हात लावला नाही.

ती ऐकत हळूहळू भिंतीला टेकून खाली बसली. शिव्या देईल वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे पोरीनं खाल्ली, हे त्यांना कळलंच नाही?" तिनं विचारलं.

"सांगितलं मी. माझ्यावर विश्वास नाही बसला."

तिनं खिळ्यावरच्या फडक्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि त्यांनी स्वतः लिहिलं होतं, उतरव म्हणून? माफ केलंय म्हणून? की हे तुम्ही आता माझ्यासाठी रचताय?"

"खरं आहे."

"रोटीची शपथ घ्या."

मी समोरच्या रोटीवर हात ठेवला. भाजल्याच्या आणि तारेच्या जखमा अजून ओल्या होत्या. "रोटीची शपथ," मी म्हणालो. 

बीबीनिसो माझ्या हाताकडे बघत राहिली. त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ती ठरवत होती, आणि मला तिला सांगण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं. सदबर्ग कोपऱ्यातून निघाली, रांगत दस्तरखानापाशी आली आणि माझ्या हाताखालची रोटी ओढायला लागली. तिला भूक लागली होती.